बाखरबाबांचा डोंगर आणि आमच्या शेळ्या

"ताई, सह्या तुमी आमच्या घेतल्या. शेळ्यांना कुणी इचारलं का?"

भूम तालुक्यातल्या एका वाडीवर, मारुतीच्या देवळापुढे, भर बैठकीत एका मावशींनी मला हे विचारलं आणि माझी बोलतीच बंद झाली. मैत्रिणींनो, गेली चौदा वर्षं मी बचतगटांचं काम करतेय. सकाळचा स्वयंपाक, डबे, सासूबाईंची औषधं आवरायची, पिशवीत वह्या टाकायच्या आणि एसटी पकडायची. या चौदा वर्षांत बायकांनी मला खूप काही सांगितलं, पण असं खिंडीत कुणी पकडलं नव्हतं.

झालं होतं असं. वाडीच्या वरच्या अंगाला बालाघाटाचा एक उघडाबोडका डोंगर आहे. पावसाळ्यात त्यावरून पाणी धो-धो वाहून जातं आणि फेब्रुवारी उजाडला की बायकांच्या डोक्यावर हंडे चढतात. एका योजनेतून तिथे पाणलोटाचं काम घ्यायचं ठरत होतं. डोंगरावर चर खोदायचे, ओघळींना दगडी बांध घालायचे, झाडं लावायची. अट एकच, काही वर्षं डोंगरावर चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी. मला तर हे ऐकून आनंदच झाला. बायकांचे हंडे उतरतील, यापेक्षा चांगलं काय! मी एका संध्याकाळी घरोघरी फिरून बायकांच्या सह्या गोळा केल्या. गावातली कारभारी मंडळीही खूश झाली.

माझ्या डोक्यात एक गोष्ट आलीच नव्हती. सह्या करणाऱ्या बायकांपैकी अकरा जणींना गुंठाभरही जमीन नव्हती, आणि प्रत्येकीच्या दारात तीन-चार शेळ्या होत्या. काळी कुळकुळीत, लांब कानांची, काटक, बहुतेक वेळा दोन-दोन करडं देणारी आपली उस्मानाबादी शेळी. (जिल्ह्याचं नाव आता धाराशिव झालं, पण शेळीची जात अजून जुन्याच नावाने ओळखली जाते.) ज्या बाईच्या नावावर सातबारा नाही, तिचा सातबारा म्हणजे ही शेळी. पोरगं आजारी पडलं की करडू विकायचं, शाळेची फी आली की बोकड विकायचा. आणि या शेळ्या चरायच्या कुठे, तर त्याच डोंगरावर.

मी काहीतरी सारवासारव केली. "मावशी, गावाच्या भल्यासाठी थोडं सोसावं लागतं," असलं काहीतरी बोलले. मावशींनी पदर सावरला आणि शांतपणे म्हणाल्या, "सोसतोच की. पर पाणी येणार त्येंच्या हिरीला, अन् सोसायचं आमी, ह्ये कसं काय?"

त्या रात्री मला झोप लागली नाही. कारण त्या म्हणाल्या ते शंभर टक्के खरं होतं.

या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी जाऊन पोचले एका परदेशी ख्रिस्ती धर्मगुरूच्या कामापाशी. हे वाचून तुमच्यापैकी काहींच्या भुवया वर गेल्या असतील. जाऊ देत. माझ्याही गेल्या होत्या. आपल्या जिल्ह्यात ख्रिस्ती कुटुंबं फार थोडी. 'फादर' म्हटलं की आपल्याला सिनेमातला पांढऱ्या झग्यातला माणूस आठवतो, नाहीतर मग धर्मांतराची कुजबुज. आमच्या घरातलंच एक वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय, "ते लोक फुकट काही करत नसतात."

माझ्या मनातली ही अढी पहिल्यांदा सैल झाली ती २०२० च्या जानेवारीत. आठवतंय ना, आपल्याकडे ९३ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं होतं. १० ते १२ जानेवारी. गोरोबा काकांचं नाव दिलेली साहित्यनगरी, ग्रंथदिंडी, सगळं गाव नटलं होतं. अध्यक्ष होते वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो. संमेलनाच्या अध्यक्षपदावर ख्रिस्ती धर्मगुरू बसण्याची ती पहिलीच वेळ. त्यावरून विरोधही बराच झाला होता. आमच्या भिशीतसुद्धा "दुसरं कुणी मिळालं नाही का?" अशी कुरकुर झाली होतीच. मी गेले ती खरं सांगायचं तर पुस्तकांच्या दुकानांसाठी, आणि थोडं गंमत बघायला. फादर पाठीच्या दुखण्याने बेजार होते, तरी आले आणि बोलले. आपल्यासारखंच मराठी, संतांच्या आठवणी काढणारं. नंतर त्यांच्याविषयी वाचलं तेव्हा कळलं की या माणसाने वसईची हिरवी वाडी आणि गोड्या पाण्याच्या विहिरी वाचवण्यासाठी 'हरित वसई'चं आंदोलन केलं, दहशतीला न घाबरता लोकांना रस्त्यावर आणलं. म्हणजे फादर असून विहिरींसाठी भांडत होते! २०२४ च्या जुलैमध्ये ते गेले तेव्हा घरातलं कुणी गेल्यासारखं वाटलं.

वाडीवरच्या त्या बैठकीनंतर मी आमच्या ओळखीच्या एका निवृत्त कृषी अधिकारी काकांकडे गेले. त्यांना सगळं रामायण सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "वसईच्या फादरांचं तुला कौतुक आहे ना? मग नगरच्या फादरांचं बघ. आपल्यासारखाच दुष्काळ, आपल्यासारखेच डोंगर. तुझ्या त्या मावशींचा प्रश्न त्यांच्या माणसांपुढेही आला होता."

ते नगरचे फादर म्हणजे हर्मन बाखर. लोक त्यांना बाखरबाबा म्हणायचे.

जन्म १९२४ चा, स्वित्झर्लंडमधला. म्हणजे बर्फाच्या डोंगरांचा, बाराही महिने वाहणाऱ्या झऱ्यांचा देश. येशूसंघ म्हणजे जेझुईट पंथाचे ते. १९४८ साली, देश स्वतंत्र होऊन वर्ष होतंय न होतंय तोच हा तरुण भारतात आला आणि पुढे आयुष्याची कितीतरी दशकं त्याने अहमदनगर जिल्ह्यात, आताच्या अहिल्यानगरमध्ये काढली. त्या भागात कॅथलिक मिशनचं काम एकोणिसाव्या शतकापासूनचं. शाळा, वसतिगृहं, दवाखाने. श्रीरामपूरजवळच्या हरेगावची मतमाउलीची यात्रा तर तुम्हीही ऐकली असेल. सप्टेंबरात भरते आणि सगळ्या जातिधर्माचे लोक नवस फेडायला जातात. नगर जिल्ह्यात जे ख्रिस्ती झाले त्यातले पुष्कळसे गावकुसाबाहेरचे, ज्यांना गावच्या विहिरीवर पाणी भरू दिलं जात नव्हतं असे. धर्मांतर झालंच नाही असं मी म्हणणार नाही, झालं. पण ते का झालं हे विचारायचं असेल तर आपल्या गावच्या पाणवठ्यापासून सुरुवात करावी लागेल, एवढं मात्र खरं.

बाखरबाबांनी नगरला 'सोशल सेंटर' नावाची संस्था उभी केली. शेतकऱ्यांना मदत करायची, विहिरी खोदायला हातभार लावायचा, असं काम सुरू झालं. मग आला १९७२ चा दुष्काळ.

या दुष्काळाचं मी काय सांगणार, माझा तर जन्मही झाला नव्हता. पण आमच्या सासूबाई आहेत ना. नवीन लग्न झालेली पोर, अंगावरची हळद उतरायच्या आत खडी फोडायला गेली. त्या सांगतात, मिलोची लाल भाकरी घशाखाली उतरायची नाही. कामावर सुकडी मिळायची. उन्हात हाताला फोड यायचे, बायका त्यावर चिंधी गुंडाळून पुन्हा हातोडी घ्यायच्या. "पोट भरलं बघ त्या कामानं," त्या म्हणतात, "मेलं न्हाई कुणी आमच्या घरचं. पर फोडलेल्या खडीचे ढीग तसेच पडून ऱ्हायले, अन् पाऊस पडला तवा पाणी पुन्हा तसंच गेलं."

सासूबाई शाळेत गेलेल्या नाहीत. पण अशा कामांमधलं दुखणं त्यांनी एका वाक्यात सांगितलं. तेच दुखणं पुढे बाखरबाबांच्या कामाच्या मुळाशी आलं. दुष्काळ पडला की धान्य द्यायचं, विहीर खोदून द्यायची, ही सेवाच. पण विहीर खोदली म्हणून तिच्यात पाणी येत नाही. जमिनीत मुरलेलं असेल तर येतं. प्रत्येक जण विहीर खोल करत गेला तर सगळ्यांचंच पाणी खाली जातं. मुळात पाऊस पडतो तिथेच, डोंगरमाथ्यावर, त्याला थांबवायला हवं.

इथे थोडं विषयांतर करते. १९९३ साली ३० सप्टेंबरच्या पहाटे किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला तेव्हा मी शाळेत होते. सुमारे आठ हजार माणसं गेली. त्यानंतर मदतीचा जो पूर आला तो मी डोळ्यांनी पाहिलाय. सगळ्या धर्मांची, सगळ्या प्रांतांची माणसं आली आणि मनापासून राबली. पण रस्त्याच्या कडेला जुन्या कपड्यांचे ढीगही पडले होते, पावसात भिजत. आपल्याकडच्या नऊवारी नेसणाऱ्या बायकांना कुणीतरी शहरातून गाऊन पाठवले होते. देणाऱ्याने घेणाऱ्याला विचारलंच नाही की असं होतं. तेव्हा ते बघून आम्ही पोरी हसलो होतो. पण मीही मावशींना न विचारता पाणी द्यायला निघाले होते, त्याचं काय?

तर बाखरबाबा. विहिरीकडून ते डोंगराकडे वळले. 'माथा ते पायथा' असं या कामाचं सूत्र. आधी डोंगरमाथ्यावर सलग समतल चर, मग ओघळींना दगडी बांध, मग शेताची बांधबंदिस्ती आणि सगळ्यात शेवटी खालच्या नाल्यात बंधारे. बहुतेक ठिकाणी उलटं होतं, कारण नाल्यातला मोठा बंधारा डोळ्यांना दिसतो, त्याचं उद्घाटन करता येतं. डोंगरावरच्या चरापुढे कोण फीत कापणार!

हे काम मोठ्या प्रमाणावर व्हावं म्हणून त्यांनी जर्मन सरकारची मदत आणि आपली नाबार्ड बँक यांची सांगड घातली. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम महाराष्ट्रात सुरू झाला. गावांना शिकवण्यासाठी, तयार करण्यासाठी १९९३ साली 'वॉटर' म्हणजे वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट ही संस्था निघाली. त्यात बाखरबाबांबरोबर क्रिस्पिनो लोबो होते. आपल्या मराठवाड्यातलं जालन्याचं कडवंची गाव, जे आज द्राक्षांसाठी आणि शेततळ्यांसाठी प्रसिद्ध आहे, तेही याच कार्यक्रमातलं. तिथे काम केलं ते मराठवाडा शेती साह्य मंडळाने, म्हणजे आपल्याच माणसांनी.

आता त्या 'फुकट'च्या वाक्याकडे येते. या कार्यक्रमाचे नियम मी काकांकडून समजून घेतले आणि मला गंमत वाटली. इथे खरंच काही फुकट नव्हतं! गावाला काम हवं असेल तर आधी घरटी एक माणूस चार दिवस श्रमदान करून दाखवणार. मग काम मंजूर झालं की अकुशल मजुरीच्या साधारण सोळा टक्के वाटा गावाने श्रमाच्या रूपात द्यायचा. बाकीची मजुरी रोख मिळणार. पैसा सरपंचाच्या नव्हे, संस्थेच्याही एकट्याच्या नव्हे, तर गाव पाणलोट समिती आणि संस्था यांच्या जोडखात्यात येणार. आणि ही समिती ग्रामसभेने निवडायची. या सगळ्यात धर्माचा कुठे संबंधच येत नाही. पण मला जास्त भावला तो पुढचा बारीक नियम. भूमिहीन घरांना आणि एकट्या बाईवर चालणाऱ्या घरांना श्रमदानाची सक्ती नाही. ज्यांच्या जमिनीत पाणी मुरणार त्यांनी फुकट राबावं, ज्यांना जमीनच नाही त्यांनी मजुरी घ्यावी. किती साधी गोष्ट! पण ही साधी गोष्ट कागदावर लिहून ठेवायला कुणाला तरी आधी सुचावी लागते.

अजून एक. आराखडा करताना तंत्रज्ञ शेतात जाणार, तेव्हा शेतकऱ्याबरोबर त्याची बायकोही बांधावर हजर हवी. कुठे बांध घालायचा, कुठे झाड लावायचं, दोघांनी मिळून सांगायचं. आमच्याकडे बाई वर्षभर त्या रानात खुरपते, पण मोजणीला साहेब आला की ती चहा करायला घरात. मी हे आमच्या गटात सांगितलं तर एक जण म्हणाली, "बांधावर उभं ऱ्हायाचं ते खरं, पर मला त्यातलं कळायलंय म्हणून नवऱ्याला पटायला पायजे ना!" सगळ्या खो-खो हसल्या.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सात जणी जीप करून निघालो. डिझेल गटांच्या वर्गणीतून, भाकऱ्या-चटणी घरून. बार्शी, करमाळा, नगर करत संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला जायचं होतं. वाडीवरच्या त्या मावशींना मी मुद्दाम आग्रह करून बरोबर घेतलं. त्या आधी नाहीच म्हणत होत्या, शेळ्या कोण बघणार म्हणून. शेवटी सुनेवर सोपवून आल्या आणि रस्ताभर दर तासाला माझ्याच मोबाइलवरून सुनेला फोन.

दरेवाडी हे या कामातलं नावाजलेलं गाव. एक मूळ गाव आणि बारा वस्त्या. पाऊस वर्षाला जेमतेम साडेचारशे मिलिमीटर. आपल्या जिल्ह्यात सरासरीने याहून जास्त पडतो, हे ऐकून आम्ही सगळ्या एकमेकींकडे बघायला लागलो. तिथे १९९६ मध्ये काम सुरू झालं. त्याआधी गावात शेतीचं काम मिळायचं वर्षातले तीन-चार महिने, बाकी वेळ माणसं पोटासाठी बाहेर. एप्रिल ते जुलै टँकर. पाच वर्षांनी, २००१ पर्यंत चित्र बदललं. काम नऊ-दहा महिने मिळू लागलं, मजुरीचे दर वाढले, पाणी असलेल्या विहिरी तेवीसवरून त्रेसष्टवर गेल्या आणि विहिरीतली पाण्याची पातळी साडेसहा मीटरवरून तीन मीटरच्या आसपास वर आली. गावाने नुसतं पाणी आणलं नाही, ते पुरवायचे नियमही केले. उसासारखी पाणी पिणारी पिकं नकोत, वगैरे. आपल्याकडे कारखान्याच्या चिमण्यांच्या सावलीत हे बोलायची सोय नाही, तो विषय राहू दे.

हे आकडे मी वहीत लिहून घेत होते. मावशींचं लक्ष आकड्यांत नव्हतं. त्या डोंगराकडे बघत होत्या. झाडं होती, गुडघाभर वाळलेलं गवत होतं. मावशी खाली बसल्या, मूठभर गवत उपटून वास घेतला आणि म्हणाल्या, "चांगलंय. शेळ्यांनी मस्त खाल्लं असतं."

तिथल्या एका आजींशी आमची गाठ पडली. काम चाललं होतं तेव्हा त्या तिशीतल्या होत्या. चर खोदायला होत्या, दगड वाहायला होत्या. आम्ही चहा घेत बसलो आणि मावशींनी सरळ विषयालाच हात घातला. "बंदी आली तवा तुमच्या शेळ्या-मेंढ्यांचं काय केलं?"

आजी म्हणाल्या, "भांडलो."

दरेवाडीतही चराईबंदीला सगळ्यात जास्त विरोध केला तो मेंढ्या-शेळ्या राखणाऱ्या गरीब घरांनीच. त्यामुळे सगळा डोंगर एका दिवसात बंद झाला नाही. टप्प्याटप्प्याने, एक भाग बंद, बाकीचा चरायला मोकळा, असं करत करत पाच वर्षं गेली. बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा होती. आजींच्या घरी चर खोदायची मजुरी मिळत होती, तेवढ्यावर पहिली वर्षं निघाली. "पण राग यायचा बाई," आजी म्हणाल्या, "डोळ्यांसमोर गवत अन् शेळी दाव्याला. सारखं वाटायचं, सोडावी रात्रीची."

"सोडली का कधी?" मावशींनी विचारलं.

आजी नुसत्या हसल्या.

मला वाटलं होतं की सगळं ऐकून आम्ही भारावून परत येऊ. तसं झालं नाही. तिथे बसल्या बसल्याच दुसरी बाजूही कळत गेली. पाणी आलं की गावात शेळ्या कमी होतात आणि दुभत्या गाई येतात. दूध डेअरीला जातं, पैसा येतो. पण गाय घ्यायला भांडवल लागतं, वैरण लागते, म्हणजे जमीन लागते. आणि गाय गोठ्यात बांधली की शेण, चारा, पाणी, धार, सगळं घरातल्या बाईच्या हाताला. डोक्यावरचा हंडा उतरला आणि त्याजागी गवताचा भारा आला, असं पुष्कळ ठिकाणी झालंय. महिला गट झाले, बचत झाली, बायका बोलायला लागल्या, हे सगळं खरं. पण जमिनीच्या प्रमाणात लाभ आणि जमीन पुरुषाच्या नावावर, हे कुठल्या फादरालाही बदलता आलेलं नाही.

परत येताना जीपमध्ये आमच्यातल्या एकीने मदर तेरेसांचा विषय काढला. मिशनरी म्हटलं की आपल्याला त्याच आठवतात. रस्त्यावर मरायला टाकलेल्या माणसाला उचलून त्याचं अंग पुसणं, १९७९ चं नोबेल, मुंबईत भायखळ्याचं 'आशादान'. ती म्हणाली, "खरी सेवा तर ती. हे म्हणजे इंजिनियरचं काम झालं." मी बराच वेळ विचार करत होते. मरणाऱ्याचा हात धरायला कुणीतरी हवंच, त्याला पर्याय नाही. पण माणसं गाव सोडून शहराच्या फुटपाथवर येऊन का मरतात, याचाही कुणी माग काढायला हवा. तो माग काढत काढत मागे गेलं की कुठल्यातरी कोरड्या विहिरीशीच पोचतो आपण. आपल्या वाशी-कळंबच्या ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांना विचारा. बाखरबाबांनी झगा घालून बांध मोजले याचं म्हणूनच मला कौतुक वाटतं. (झगा घालूनच मोजले का, ते मला ठाऊक नाही हं, आपली माझी कल्पना.) २०२१ साली, वयाच्या नव्वदीच्या पुढे, स्वित्झर्लंडमध्ये त्यांनी डोळे मिटले.

आमच्या घरात मी हे सगळं सांगितलं तेव्हा ते जुनं वाक्य पुन्हा आलंच. "फुकट कोण करतं? त्यांचा काहीतरी हेतू असणारच." मी म्हटलं, असेल. त्यांना त्यांचा देव सांगत असेल गरिबाची सेवा कर म्हणून. आपल्याला आपला देव काय सांगतो? सासूबाई आतून म्हणाल्या, "गोरोबा काकांच्या जिल्ह्यात ऱ्हातो, अन् ह्ये इचारतो व्हय!" यावर मग कुणी बोललं नाही.

आता वाडीचं सांगते. आम्ही आल्यावर पंधरा दिवसांनी पुन्हा बैठक झाली, त्याच मारुतीच्या देवळापुढे. मी आधी सगळ्यांसमोर कबूल केलं की मागच्या सह्या घेताना मी अटी नीट वाचून दाखवल्या नव्हत्या, ती चूक माझी. जुना कागद फाडला. कारभारी मंडळींना ते आवडलं नाही. एक जण म्हणाले, "ताई, अकरा बायांसाठी सगळं गाव अडवताय का?" मी काही बोलायच्या आत मावशी उभ्या राहिल्या. दरेवाडीला कसं केलं ते त्यांनी त्यांच्या भाषेत सांगितलं. डोंगराचे तीन वाटे करा. पहिल्या वर्षी लांबचा वाटा बंद, जवळचे दोन मोकळे. मजुरीचं पहिलं काम बिनजमिनीवाल्यांना. श्रमदान त्यांच्याकडून घ्यायचं नाही. बंद डोंगरातलं गवत कापायचा पहिला मान शेळ्यावाल्यांचा, लिलाव त्यानंतर. आणि समितीत शेळ्यावाल्यांची एक बाई.

दोन तास वादावादी झाली. गवताच्या मुद्द्यावर तर आवाज चांगलेच चढले, कारण गवताला पैसा येतो हे सगळ्यांना ठाऊक. शेवटी तीन वाट्यांचं आणि मजुरीचं मान्य झालं. गवताचं अजून ठरलेलं नाही. समितीत बाई घ्यायची ठरली, पण कुठली, यावर पुन्हा घोळ.

नवीन कागदावर सह्या सुरू झाल्या. या वेळी मी एकेक ओळ मोठ्याने वाचली, कुणी मध्येच विचारलं तर थांबले. अकरापैकी सात जणींनी सह्या-अंगठे केले. मावशींनी केला नाही. मी म्हटलं, "अहो, तुम्हीच तर सगळं मांडलंत!"

"मांडलं की," त्या म्हणाल्या. "गवताचं ठरू द्या. मग करते."

पुढची बैठक कधी घ्यायची ते विचारलं तर म्हणाल्या, बाजाराचा दिवस सोडून कधीही घ्या. त्या दिवशी त्यांना दोन करडं घेऊन जायचंय.